सहीच्या वरचा मजकूर



नाटकवेड्या गावात नटांविषयी बोलायला उभे राहायचे म्हणजे जोखीमच. इथे प्रत्येकाने कोणाचा ना कोणाचा तरी गाजलेला प्रयोग पाहिलेला असतो आणि तो वक्त्यापेक्षा त्याला जास्त आठवत असतो. म्हणून मी अभिनयाविषयी बोलणारच नाही. मी बोलणार आहे नटनट्यांच्या पत्रांविषयी. हाताने लिहिलेल्या, तिकीट चिकटवून पेटीत टाकलेल्या आणि मग कोणाच्या तरी ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पत्रांविषयी. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमतो, त्यांना नाटकाचे वेड होते आणि टपालाचेही. आलेल्या पत्राला उलटटपाली उत्तर देणारी ती पिढी. तेव्हा विषय त्यांना आवडला असता, एवढा भरवसा मला आहे.

मी अशी पत्रे जमवतो. रंगभूमीवरच्या नटांची, चित्रपटांतल्या नटांची, दोन्हीकडे वावरलेल्यांची. छंद सांगितला की समोरचा हमखास विचारतो, 'कोणाकोणाच्या सह्या आहेत तुमच्याकडे?' इथेच आमची पहिली चुकामूक होते. मी सह्या जमवत नाही. सही मिळवायला नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभे राहिले तरी पुरते. दोन सेकंदांचे काम. नट वहीकडे बघतो, वही देणाऱ्याकडे बघतही नाही. मला हवा असतो सहीच्या वरचा मजकूर. आज माझे म्हणणे एवढेच आहे, की पत्राची किंमत खालच्या नावावर ठरत नाही, वरच्या मजकुरावर ठरते. पुढचा तासभर मी हेच निरनिराळ्या बाजूंनी सांगणार आहे. पत्रात असते काय, ते खरे कशावरून, ते टिकवायचे कसे, आणि ते मुळात असते कोणाचे, असे चार प्रश्न क्रमाने घेतो.

पहिला प्रश्न. नटाच्या पत्रात असते काय?

नाटकाची संहिता उरते, पण ती नाटककाराची. परीक्षणे उरतात, ती समीक्षकाची. फोटो उरतात, ते छायाचित्रकाराने 'जरा इकडे बघा' म्हणून काढलेले. चित्रपट तरी उरतो, असे आपण म्हणतो. पण आपल्याकडच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्टच झाले आहेत. मग नटाचे स्वतःचे शब्द कुठे सापडायचे? तुम्ही म्हणाल, आत्मचरित्रात. मान्य. चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' आहे, गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका' आहे, दुर्गाबाई खोट्यांचे 'मी दुर्गा खोटे' आहे, डॉ. लागूंचे 'लमाण' आहे. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' आहे, ज्यावर पुढे श्याम बेनेगलांचा 'भूमिका' बेतला. मराठी नटांनी आत्मचरित्रे लिहिली तेवढी फार थोड्या भाषांतल्या नटांनी लिहिली असतील. पण आत्मचरित्र लिहायला बसलेल्या माणसाला गोष्टीचा शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचे बुकिंग किती होणार हेसुद्धा ठाऊक नसते. आत्मचरित्रात 'तो काळ मोठा कठीण होता' असे एक वाक्य येते. पत्रात असते की या महिन्यात मनीऑर्डर होणार नाही, किराणावाल्याला थोपवून धरा.

जुन्या नाटक कंपन्यांतली पत्रे घ्या. माथ्यावर 'श्री', उजव्या कोपऱ्यात 'मुक्काम' आणि तिथी किंवा तारीख. मग 'सा. न. वि. वि.' आणि मग खरा मजकूर. आवाज बसला आहे, काढा चालू आहे. बिऱ्हाड चांगले मिळाले आहे पण पाणी लांब आहे. पावसाने तीन खेळ पडले. नव्या पोराला स्त्रीपार्ट दिला, पण साडी नीट सावरत नाही. यात कुठे कला आहे, असे तुम्ही विचाराल. मी म्हणतो, कला याच मजकुरावर उभी होती. आणि तो कोपऱ्यातला 'मुक्काम' तर सोने आहे. मिरज, हुबळी, धारवाड, बेळगाव, नागपूर, अमरावती, इंदूर, बडोदे. एका कंपनीतल्या चारदोन माणसांची पत्रे तारखेने लावली की कंपनीच्या दौऱ्याचा नकाशाच तयार होतो. कुठे महिनाभर तळ ठोकला, कुठून आठवड्यात गाशा गुंडाळला, सगळे कळते. कोणत्याही इतिहासकाराने हा नकाशा आपल्याला आयता दिलेला नाही.

एक उदाहरण देतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. मराठी माणसाला ही तारीख आजोबांच्या वाढदिवसासारखी पाठ असते. पण मला सांगा, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या तेव्हा साथीला कोणाची माणसे बसली? पट्टी कशी जमवली? तालमीला कोण कोणाच्या बिऱ्हाडी गेले? पडद्यामागच्या मंडळींत कुरबुर झालीच नसेल? असल्या प्रश्नांची उत्तरे हँडबिलात नसतात. त्या आठवड्यांत कोणी घरी पत्र लिहिले असेल तर त्यात असतात. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. वय अवघे एकतीस. एकतिसाव्या वर्षी गेलेला माणूस आत्मचरित्र कधी लिहिणार? अशा नटाच्या बाबतीत पत्र हाच काय तो त्याचा स्वतःचा शब्द.

आता जरा लांब जाऊ. अंतोन चेखॉव्ह क्षयाने आजारी, म्हणून मॉस्कोच्या थंडीपासून दूर, याल्टाला. ओल्गा क्निपर मॉस्को आर्ट थिएटरची नटी, म्हणून मॉस्कोत. १९०१ मध्ये दोघांचे लग्न झाले, १९०४ मध्ये चेखॉव्ह गेले. एवढ्या थोड्या संसाराचा मोठा भाग टपालातच झाला. 'तीन बहिणी'च्या तालमी चालल्या होत्या तेव्हा चेखॉव्ह फ्रान्समध्ये, नीसला होते. तिथून त्यांनी ओल्गाला कळवले, की माशाची भूमिका करताना कोणत्याही अंकात चेहरा दुःखी करू नकोस. रागावलेली दिसलीस तर चालेल, दुःखी नको. ज्यांनी दुःख फार दिवस आत वागवलेले असते ती माणसे ते दाखवत नाहीत, हे त्यामागचे कारण. नाट्यशाळेत वर्षभर शिकवूनही जे समजत नाही, ते या टपालाने झालेल्या तालमीत आहे! ते पत्र ओल्गाने जपले नसते तर? एका थोर भूमिकेची किल्लीच हरवली असती.

पैशाचा आणि कराराचा इतिहासही पत्रांतच असतो. १९३९ मध्ये शांता आपटे 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. त्या काळी एका नटीने असे बसणे म्हणजे केवढा गहजब! वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या, लोकांनी चवीने वाचल्या. पुढे बाईंनी 'जाऊ मी सिनेमात?' असे पुस्तकच लिहिले आणि या धंद्यात माणसाला कसे वागवतात ते सांगितले. पुस्तक लिहिण्याइतकी धमक सगळ्यांजवळ नसते. बाकीच्यांनी आपली तक्रार पत्रात लिहिली. बहिणीला, मैत्रिणीला, वकिलाला. ठरलेले मानधन मिळाले नाही, चित्रीकरण लांबले, दुसरीकडे काम घ्यायला बंदी केली. अशी पत्रे पाहिली की चंदेरी दुनियेत नोकरदार माणसे राहतात हे कळते. नावे मी घेत नाही. का घेत नाही ते चौथ्या मुद्द्यात सांगतो.

दुसरा प्रश्न. पत्र खरे कशावरून?

चित्रपटांचा जमाना आला आणि चाहत्यांची पत्रे पोत्यांनी येऊ लागली. नट उत्तरे लिहीत बसला तर कामे कधी करणार? मग सेक्रेटरी आला, रबरी शिक्का आला, सहीसकट छापलेला फोटो आला. घरोघरी जपून ठेवलेल्या कितीतरी 'सह्या' या छापखान्याच्या आहेत. ऐकून कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा करा. घरी गेल्यावर भिंग घेऊन बघा. शाईचा ओघ कुठे दाट, कुठे पातळ असतो. छपाईत ठिपके दिसतात.

ही गोष्ट आजची नव्हे. लंडनच्या लायसियम थिएटरचा थोर नट हेन्री आयर्व्हिंग. त्याच्या नावाने जाणारा पत्रव्यवहार सांभाळायला एक व्यवस्थापक होता. आपण लाखांच्या घरात पत्रे लिहिली, असा त्याचा स्वतःचाच हिशेब. त्या व्यवस्थापकाचे नाव ब्रॅम स्टोकर. होय, 'ड्रॅक्युला' लिहिणारा तोच. म्हणजे आयर्व्हिंगचे पत्र म्हणून आपण मोठ्या कौतुकाने जे हातात घ्यावे, त्यातले हस्ताक्षर ड्रॅक्युलाच्या बापाचे निघायचे! तुम्ही हसता आहात, पण संग्राहकाला तेव्हा हसावे की रडावे कळत नाही. मी म्हणतो, हसावे. ते पत्रही मोलाचेच आहे. फक्त कोणी सांगितले आणि कोणी लिहिले, याची नोंद खरी हवी.

पत्राचा काळ ठरवायला आपले टपालखातेच मदत करते. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ मध्ये आले, आंतर्देशीय पत्र १९५० मध्ये. तिकिटावर आणे असतील तर पत्र १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याचा संभव फार, नये पैसे असतील तर नक्की नंतरचे. पत्त्यात पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे असूच शकत नाही. जाता जाता सांगतो, हा पिनकोड ज्यांच्या कल्पनेतून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. म्हणून मी सांगत असतो, पाकीट फेकू नका. पत्रावर तारीख घालायची राहिली तरी पाकिटावरचा शिक्का बोलतो. पण लोक काय करतात? पत्र ठेवतात, पाकीट केराच्या टोपलीत टाकतात आणि तिकीट नातवाच्या वहीत चिकटवतात.

आणि हो, मोडी शिका. जुन्या मंडळींच्या पत्रांत बाळबोध मायना आणि खाली सगळा मजकूर मोडीत, असे असते. वाचता येत नाही म्हणून ते कागद रद्दीत जातात. वाचता न येणे हा आपला दोष. शिक्षा कागदाला कशासाठी?

तिसरा प्रश्न. टिकवायचे कसे?

हा भाग थोडक्यात आटोपतो, पण घरी जाऊन करायचे काम याच भागात आहे. पत्राचे शत्रू पाच. ऊन, ओल, कसर-वाळवी, टाचणी आणि प्रेम. पहिले चार तुम्हाला माहीत आहेत. पाचव्याने सर्वांत जास्त नुकसान केले आहे. प्रेमापोटी लोक पत्र लॅमिनेट करतात. एकदा ते प्लॅस्टिक तापून चिकटले की कागद पुन्हा सुटा होत नाही. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावतात. ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि डाग ठेवून गळून जाते. काचेत मढवून दिवाणखान्यात उन्हासमोर लावतात, शाई उडते. लोहयुक्त काळी शाई कागदाला आतून खाते, तर फाउंटन पेनची निळी शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. तेव्हा पत्र उलगडून सपाट ठेवा, टाचणी काढा, आम्ल नसलेल्या कागदाच्या घडीत ठेवा, वर्तमानपत्राच्या कात्रणाबरोबर ठेवू नका, हात धुऊन कोरडे करून मगच उचला. आणि त्याची प्रत काढून ती दुसऱ्या घरी ठेवा.

दुसऱ्या घरी का? १२ जुलै १९६१ आठवा. पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माणसे वाचवायची की ट्रंका? अर्थात माणसेच. त्या पेठांत नाटकवाल्यांची, गाणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची घरे होती. तिथल्या माळ्यांवर आणि कोनाड्यांत काय काय होते, याची यादी कोणी केलेली नव्हती. यादी असती तर निदान काय गेले ते तरी कळले असते.

चौथा प्रश्न, आणि सर्वांत अवघड. पत्र कोणाचे?

आपण म्हणतो, ज्याला आले त्याचे. कायदा म्हणतो, कागद त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणाऱ्याच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क चालतो. त्यातही गंमत अशी, की जे लिखाण लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापले जाते, त्याची साठ वर्षे छापल्यानंतर मोजायला सुरुवात होते. म्हणजे एखाद्या दिवंगत नटाचे पत्र माझ्या कपाटात आहे, मी ते पैसे देऊन घेतले आहे, पावतीही आहे, तरी वारसांना न विचारता ते छापण्याचा अधिकार मला नाही. आणि हे योग्यच आहे.

पण कायद्याने जे चालते ते सगळे शोभते का? बर्नार्ड शॉ आणि नटी एलेन टेरी यांचा पत्रव्यवहार १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आला. बाई १९२८ मध्ये गेलेल्या. नाट्यप्रेमी खूश झाले. बाईंचा मुलगा, जगप्रसिद्ध नेपथ्यकार गॉर्डन क्रेग, भयंकर चिडला. आईचे खासगीपण चव्हाट्यावर आणले, असे त्याचे म्हणणे. त्याने आईवर स्वतंत्र पुस्तक लिहून उत्तर दिले. कोण बरोबर? ती पत्रे वाचताना मला शॉ बरोबर वाटतात, मिटून ठेवली की क्रेग. आपल्याकडे गुरुदत्तची गीता दत्तला आणि मुलांना लिहिलेली पत्रे २००६ मध्ये पुस्तकात आली. गुरुदत्त १९६४ मध्ये गेले होते, गीताबाई १९७२ मध्ये. मधे चाळिसेक वर्षे गेली. पडद्यावरच्या प्रतिमेमागचा चिंतातुर नवरा आणि बाप लोकांना दिसला. हा काळ जाऊ देणे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याला आणि ज्याच्याविषयी लिहिले ती माणसे हयात असताना पत्र मिटलेले राहू द्यावे. जपून ठेवणे आणि जाहीर करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले ताबडतोब करा, दुसऱ्याची घाई नको. मघाशी मी नावे घेतली नाहीत, त्याचे कारण हे.

आता थोडे आम्हा संग्राहकांविषयी. आम्ही जमवतो कोणाचे? नायकाचे, नायिकेचे, फार तर खलनायकाचे. प्रॉम्प्टरची पत्रे कोणी जमवली? ऑर्गनवाल्याची? रंगपट सांभाळणाऱ्याची? तमाशाच्या फडात राबलेल्या कलावंतांची? उन्हाळ्यातल्या जत्रांसाठी नारायणगावला गावोगावचे पुढारी येतात, फडांच्या राहुट्यांत बसून सुपारी ठरवतात. या व्यवहारातले किती कागद, किती चिठ्ठ्या आपण सांभाळल्या? कित्येक कलावंतिणींना लिहिता येत नव्हते. त्यांनी सांगितले आणि दुसऱ्या कोणी लिहिले. म्हणून ते पत्र त्यांचे नाही का? आयर्व्हिंगने स्टोकरकडून लिहवून घेतलेले पत्र आपण काचेत ठेवायचे आणि फडातल्या बाईने सांगून लिहवलेले पोस्टकार्ड रद्दीत घालायचे, हा कुठला न्याय? सहीमागे धावणाऱ्या संग्रहाचा हाच मोठा दोष आहे. तो आधीच प्रसिद्ध असलेल्यांना आणखी प्रसिद्ध करतो आणि बाकीच्यांना दुसऱ्यांदा विंगेत ढकलतो.

आणि शेवटी हे सगळे जायचे कुठे? डेव्हिड गॅरिक हा अठराव्या शतकातला इंग्रज नट. त्याने आपला पत्रव्यवहार नीट राखला. तो पुढे जॉन फॉर्स्टर या लेखकाच्या संग्रहात आला आणि १८७६ मध्ये फॉर्स्टरबरोबर लंडनच्या सार्वजनिक संग्रहालयात गेला. त्याच संग्रहालयाला गॅब्रिएल एन्थोवेन या बाईंनी १९२४ मध्ये आपला रंगभूमीचा प्रचंड संग्रह देऊन टाकला. विकला नाही, दिला. आपल्याकडे काय नाही? पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १८९८ पासून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. नाट्य परिषद आहे, विद्यापीठे आहेत. संस्था आहेत, आपण त्यांच्या दारात कागद घेऊन जात नाही आणि गेलो तर त्यांनी नीट पावती, यादी, जागा द्यावी असा आग्रह धरत नाही. दोन्ही केले पाहिजे.

मुले विचारतात, आता पत्रे कोण लिहिते? खरे आहे. तारसुद्धा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजचा नट मोबाइलवर बोलून निरोप पाठवतो आणि फोन बदलला की तो निरोप जातो. म्हणूनच जे हाताने लिहिलेले शिल्लक आहे ते मोजके आहे आणि त्यात नवी भर जवळजवळ पडणार नाही. याहून घाईचे कारण दुसरे काय हवे?

तेव्हा सारांश सांगतो. पत्रातला मजकूर पाहा, सही नंतर. पाकीट पत्रापासून तोडू नका. प्रेमाने चिकटवू नका, मढवू नका. हयात माणसांची आब राखा. आणि आपल्या पश्चात संग्रह कुठे जाणार ते जिवंतपणीच लिहून ठेवा.

या सभागृहात अशी कितीतरी माणसे बसलेली असतील, ज्यांच्या घरी एखाद्या नटाचे, गायिकेचे, तबलजीचे पत्र आहे. आजोबांनी त्याला दोन रात्री ओसरीवर जागा दिली, आजीने जेवू घातले, म्हणून पुढच्या मुक्कामाहून त्याने आभार मानले. तुम्हाला ते मामुली वाटते. ते मामुली नाही. मला देऊ नका. मीही एक दिवस जाणार आहे. पण या रविवारी ट्रंक उघडा, पत्रे तारखेने लावा, कोणी कोणाला आणि का लिहिले हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून वेगळ्या कागदावर लिहा आणि त्यांची यादी जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. जाणते माणूस आहे तोवरच हे विचारता येईल.